फीचरचं नाव वाचून कळलं पाहिजे की दाबल्यावर काय होणार

युपीआयमध्ये कलेक्ट रिक्वेस्ट नावाची एक सोय होती. म्हणजे समजा मला तुमच्याकडून पाचशे रुपये येणं आहे, तर मी माझ्या अ‍ॅपमधून तुम्हाला तशी मागणी पाठवायची, तुमच्या फोनवर नोटिफिकेशन येणार, तुम्ही मंजूर करून पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून निघून माझ्या खात्यात. सोय म्हणून चांगलीच होती, पण चोरांनी नेमका कुठे हात घातला बघा. कोणी जुना सोफा ऑनलाइन विकायला टाकला की फोन यायचा, "ताई, अ‍ॅडव्हान्स पाठवतोय, तुम्हाला आत्ता एक रिक्वेस्ट येईल, ती फक्त अ‍ॅक्सेप्ट करा आणि पिन टाका, पैसे लगेच जमा होतील." आणि ताईंना वाटायचं कलेक्ट म्हणजे आपल्याला पैसे मिळणार. पिन टाकला की उलट त्यांचेच पैसे जायचे. शेवटी युपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने माणसाने माणसाला कलेक्ट रिक्वेस्ट पाठवणं १ ऑक्टोबर २०२५ पासून बंदच केलं, दुकानदार आणि कंपन्यांसाठी ती सोय अजून आहे. (अजूनही कोणाला माहीत नसेल तर, युपीआयचा पिन पैसे पाठवायला आणि बॅलन्स बघायला लागतो, पैसे घ्यायला कधीच लागत नाही. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.)

आता ही फसवणूक फक्त नावामुळे झाली असं मी म्हणणार नाही, चोर काही ना काही शोधतातच. पण कलेक्ट हा शब्द कोणाच्या बाजूने लिहिलाय ते बघा. तो मागणाऱ्याच्या बाजूने आहे. ज्याचे पैसे जाणार आहेत त्याच्या बाजूने बघितलं तर ते पेमेंट आहे, आणि धोका सगळा त्याला आहे. सॉफ्टवेअरमध्ये नावं ठेवताना सगळ्यात जास्त गडबड इथेच होते असं मला वाटतं. बनवणारा आपल्या बाजूने नाव ठेवतो, किंवा मशीनच्या आत काय चाललंय त्यावरून ठेवतो, आणि वापरणाऱ्याला मात्र एवढंच जाणून घ्यायचं असतं की हे दाबल्यावर माझ्या पैशांचं, माझ्या फोटोंचं, माझ्या फाइलचं काय होणार.

बरं, मग सगळ्यांना चटकन कळेल असा एक शब्द शोधून काढला की झालं ना? तिथेच तर खरी अडचण आहे. १९८७ साली अमेरिकेतल्या बेलकोअर या टेलिफोन कंपन्यांच्या संशोधन संस्थेतल्या जॉर्ज फर्नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक पेपर लिहिला होता, त्यात त्यांनी लोकांना वेगवेगळ्या गोष्टींना आपणहून नाव द्यायला सांगितलं होतं, टेक्स्ट एडिटिंगमधली कामं होती, पाककृती होत्या, अजून दोनतीन प्रकार होते. निघालं काय, तर कुठलीही दोन माणसं घ्या, त्यांनी एकाच गोष्टीला एकच शब्द वापरायची शक्यता २० टक्क्यांपेक्षाही कमी. म्हणजे तुम्हाला जो शब्द अगदी उघड वाटतो तो पाचातल्या चार जणांच्या डोक्यात पहिल्यांदा येतच नाही. म्हणून मीटिंगमध्ये कोणी "अरे हे तर ऑब्व्हियस आहे" म्हणालं ना की तिथे थांबून दुसऱ्या कोणाला तरी विचारायलाच हवं, कारण ते त्याच्यापुरतंच ऑब्व्हियस असतं. त्या पेपरमध्ये उपायही सांगितला होता, की एका गोष्टीकडे यायला खूप नावं चालू द्या, माणूस काहीही टाईप करो, त्याला तिथे पोचवा. आज आपण फोनच्या सेटिंग्जमध्ये सर्च करतो तेव्हा वेगवेगळे शब्द टाकून एकाच पानावर पोचतो ते त्याच विचारातलं. पण बटणावर लिहायला मात्र एकच नाव असतं, आणि ते नीटच निवडावं लागतं.

नाव चुकलं की काय होतं याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे गिट. जे प्रोग्रामिंगमध्ये नाहीत त्यांच्यासाठी सांगते, गिट म्हणजे कोडमध्ये कोणी कधी काय बदललं त्याचा सगळा इतिहास ठेवणारं टूल, लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी बनवलं आणि आज जवळपास सगळं सॉफ्टवेअर जग त्यावर चालतं. टूल म्हणून जबरदस्त आहे, त्यात वाद नाही. पण नावं बघा.

गिटमध्ये तुम्ही बदल केले की ते लगेच इतिहासात जात नाहीत. आधी तुम्ही त्यातले कुठले बदल घ्यायचे ते निवडून एका जागी ठेवता, आणि मग कमिट करता, म्हणजे इतिहासात पक्के नोंदवता. दुकानात सामान काढून काउंटरवर ठेवलंय पण बिल अजून व्हायचंय, तशी ती मधली जागा. आता या एका जागेला गिटमध्ये किती नावं आहेत? आतल्या फाइलचं नाव इंडेक्स. शिकवताना सगळे म्हणतात स्टेजिंग एरिया. तिथे गोष्ट ठेवायची कमांड आहे अ‍ॅड. आणि अगदी सुरुवातीला त्या जागेला कॅश म्हणायचे, तो शब्द गिटच्या स्वतःच्या शब्दसूचीत आता जुना, वापरातून गेलेला असा लिहिलाय, पण ऑप्शन्समध्ये तो अजून ठाण मांडून बसलाय. काउंटरवर काय ठेवलंय ते बघायला डिफ या फरक दाखवणाऱ्या कमांडला कॅश्ड लावा किंवा स्टेज्ड लावा, दोन्हीचा अर्थ एकच. पण तयार बदल लावणाऱ्या अप्लाय नावाच्या कमांडला कॅश्ड आणि इंडेक्स असे दोन वेगळे ऑप्शन आहेत आणि तिथे त्यांचा अर्थ मात्र वेगळा, एक फक्त त्या मधल्या जागेत बदल करतो आणि दुसरा मधल्या जागेत आणि तुमच्या फाइल्समध्ये, दोन्हीकडे!

नवीन मुलगा किंवा मुलगी टीममध्ये येते तेव्हा यात सगळ्यात जास्त कुठे अडकते सांगू का, गिट आरएम कॅश्ड. कॅश म्हटलं की आपल्या डोक्यात काय येतं, तात्पुरती साठवलेली कचरा माहिती, ब्राउझरची कॅश साफ करतो तशी, साफ केली तरी काही बिघडत नाही. म्हणून बिनधास्त चालवतात. ती कमांड खरंतर काय करते, तर ती फाइल तुमच्या डिस्कवर तशीच ठेवते पण गिटच्या नोंदीतून काढून टाकते, आणि तुम्ही ते कमिट करून पुढे पाठवलं की बाकीचे लोक पुल करतील, म्हणजे नवे बदल आपल्याकडे आणतील, तेव्हा त्यांच्याकडून ती फाइल डिलीट होते. तुमच्याकडे सगळं दिसतंय व्यवस्थित, आणि शेजारी बसलेला विचारतोय की अरे माझी फाइल कुठे गेली. नावात या सगळ्याचा मागमूसही नाहीये.

दुसरं चेकआउट. या एका कमांडला दोन पूर्ण वेगळी कामं दिली होती. पुढे ब्रांचचं, म्हणजे कामाच्या एका वेगळ्या शाखेचं, नाव लिहिलं तर तुम्ही त्या ब्रांचवर जाता, आणि त्यात तुमचे न साठवलेले बदल पुसले जाणार असतील तर गिट अडवतं, आधी हे सांभाळा म्हणतं. पण पुढे फाइलचं नाव लिहिलं तर त्या फाइलमधले तुमचे न साठवलेले बदल जातात, न विचारता, आणि ते गिटमधून परत मिळवता येत नाहीत. म्हणजे एकाच शब्दाने कधी सांभाळून नेलं आणि कधी दुपारभराचं काम पुसलं. आणि हा फरक वाचून कळणार कसा, तुम्ही पुढे काय लिहिलंय ते ब्रांच आहे की फाइल हे तुम्हाला आधीच माहीत असेल तरच. ऑगस्ट २०१९ मध्ये गिट २.२३ आलं त्यात हे वेगळं केलं, ब्रांच बदलायला स्विच आणि फाइल पूर्वीसारखी करायला रिस्टोर. कमांडच्या आतलं काम काही फार बदललं नाही, फक्त दोन कामांना दोन नावं मिळाली. माझ्या मते गिटमध्ये नवीन माणसासाठी झालेल्या चांगल्या बदलांपैकी हा एक मोठा आहे.

रिव्हर्टचं पण तसंच. गिटच्या आधी खूप कंपन्यांमध्ये सबव्हर्जन होतं, त्यात रिव्हर्ट म्हणजे मी केलेले न साठवलेले बदल टाकून दे. गिटमध्ये रिव्हर्ट म्हणजे जुन्या एका कमिटच्या बरोब्बर उलटं करणारं नवीन कमिट बनव. दोन्ही अर्थ शब्दाला शोभतात, पण तुमचे लोक कुठल्या टूलवरून येतायत आणि त्यांच्या बोटांना कुठला अर्थ लागलाय हे नाव ठेवताना बघावंच लागतं.

हे फक्त प्रोग्रामर लोकांचं दुखणं आहे असं मात्र समजू नका. आमच्या काकूंचा फोन सारखा भरलेला असतो. त्यांच्या फोटोच्या अ‍ॅपमध्ये जागा मोकळी करा असं एक बटण आहे. मी त्यांना विचारलं, "काकू, हे दाबलं तर काय होईल असं वाटतं तुम्हाला?"

"फोटो जातील ना गं सगळे. नको, त्यात चिनूच्या बारशाचे आहेत."

"मग तुम्ही जागा कशी करता?"

"एकेक डिलीट करते की, जे नकोत ते. ऑनलाइन सेव्ह आहेतच म्हणाला होता ना तुझा दादा."

आता गंमत नाही, काळजीची गोष्ट आहे ही. त्या अ‍ॅपमध्ये जागा मोकळी करा हे बटण सुरक्षित आहे, ज्या फोटोंचा ऑनलाइन बॅकअप झालाय तेवढेच ते फोनमधून काढतं, ऑनलाइन सगळे राहतात. आणि काकू जे डिलीट करत होत्या ते फोनमधूनही जातं आणि ऑनलाइनही जातं, काही दिवस ट्रॅशमध्ये राहतं आणि मग कायमचं. म्हणजे भीती वाटली ती सुरक्षित बटणाची, आणि विश्वास ठेवला तो पुसणाऱ्या बटणावर. पहिल्या नावात तुम्हाला काय मिळणार ते सांगितलंय, जागा मिळणार, पण काय जाणार आणि काय राहणार ते नाही सांगितलं, आणि माणूस जिथे आपल्या नातवाचे फोटो आहेत तिथे तोच प्रश्न आधी विचारतो. बॅकअप आणि सिंक या दोन शब्दांचा घोळ पण इथलाच. बॅकअप म्हणजे वेगळी ठेवलेली कॉपी, मूळ गेलं तरी ती राहते. सिंक म्हणजे दोन्हीकडे सारखं ठेवणं, म्हणजे इकडे पुसलं की तिकडेही पुसणार. अ‍ॅपवाल्यांनी कितीतरी वर्षं हे दोन शब्द जोडीने वापरले आणि लोकांना वाटतं एकच आहे.

मग चांगलं नाव म्हणजे काय? व्हॉट्सअ‍ॅपचं डिलीट फॉर एव्हरीवन बघा, २०१७ मध्ये आलं. लांबलचक आहे, काही आकर्षक नाही, पण वाचलं की संपलं, काय होणार आणि कोणाकोणाला होणार ते दोन्ही त्यात आहे. शेजारीच डिलीट फॉर मी. त्या जागी रिकॉल, अनसेंड असलं काही एका शब्दाचं ठेवलं असतं तर आईला समजावून सांगताना पाच मिनिटं गेली असती. तरीसुद्धा लोक घाईत चुकीचं दाबायचे, फॉर मी दाबलं की मेसेज आपल्याला दिसेनासा होतो आणि मग सगळ्यांसाठी पुसायचा मार्गच राहत नाही, ग्रुपमध्ये तो तसाच पडलेला. म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी फॉर मी दाबल्यावर पाच सेकंदांचं अनडू दिलं. नाव कितीही स्पष्ट असलं तरी बोट चुकतं, तिथे नावाने सगळं होणार नाही, परतीचा रस्ता द्यावा लागतो.

आता प्रत्यक्ष नाव निवडायचं कसं, ते एक साधं उदाहरण घेऊन बघू. समजा तुम्ही दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवताय. दुकानदार म्हणतो, जुनी गिऱ्हाईकं आता येत नाहीत, त्यांची नावं यादीत उगाच मध्ये येतात, ती दिसायला नकोत. टीममध्ये बसलं की पटापट नावं येतात, आर्काइव्ह, डिसेबल, इनअ‍ॅक्टिव्ह, हाइड, रिमूव्ह. इथे लगेच मतदान घेऊ नका. आधी एक वाक्य लिहा, दुकानदाराच्या बाजूने, की हे दाबल्यावर नेमकं काय होतं. त्या गिऱ्हाइकाची जुनी बिलं राहतात का? राहतात. त्याची उधारी बाकी असेल तर ती रिपोर्टमध्ये दिसते का? दिसली पाहिजे, नाहीतर दुकानदार आपल्याला शोधत येईल. नवीन बिल करताना नाव येतं का? नाही येत. परत आणता येतं का? हो. हे लिहून काढलं की डिसेबल आणि रिमूव्ह आपोआप गळतात, कारण रिमूव्ह वाचून तो उधारीच्या काळजीने दाबणारच नाही. आर्काइव्ह हा ऑफिसातल्या लोकांना कळतो, किराणा दुकानात कळेलच असं नाही. शेवटी जे उरतं ते साधं असतं, नवीन बिलात दाखवू नका. चार शब्द झाले तर होऊ देत, बटण थोडं रुंद करा.

बऱ्याचदा हे प्रश्न विचारताना असंही लक्षात येतं की कोणालाच उत्तर माहीत नाहीये, एक जण म्हणतो उधारी दिसणार, दुसरा म्हणतो नाही. म्हणजे नाव सुचत नव्हतं कारण फीचरच अजून ठरलेलं नव्हतं. गिट चेकआउटचं पण तेच होतं, एकच चांगलं नाव सापडणं शक्य नव्हतं कारण आत दोन कामं होती. नाव खूपच अवघड जात असेल, किंवा नावात सारखं "आणि" येत असेल, तर नावाचा विचार सोडा आणि फीचर दोन करा.

मग ते नाव कोणालातरी दाखवा, पण "हे आवडलं का" असं विचारू नका, लोक हो म्हणतात. विचारा की हे दाबलं तर काय होईल. आणि गप्प बसून ऐका, मध्ये समजावून सांगायचं नाही.

शेजारची नावंही बघायची. व्हॉट्सअ‍ॅपमध्येच क्लिअर चॅट आहे, डिलीट चॅट आहे, आर्काइव्ह आहे, तिन्ही एकेकटे ठीक वाटतात पण एकत्र ठेवले की क्लिअर आणि डिलीटमधला फरक किती जणांना सांगता येईल? (क्लिअरने आतले मेसेज जातात पण चॅट यादीत राहतं.) याचं सगळ्यात वाईट उदाहरण पीएचपी या वेबसाइट बनवायच्या भाषेत होतं, डेटाबेसला पाठवायचा मजकूर आधी सुरक्षित करून घ्यायला मायएसक्यूएल एस्केप स्ट्रिंग असं एक फंक्शन आणि मायएसक्यूएल रिअल एस्केप स्ट्रिंग असं दुसरं. रिअल म्हणजे काय, मग पहिलं खोटं का? फरक असा होता की दुसरं डेटाबेस कनेक्शनचा कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) बघून काम करायचं म्हणून ते जास्त सुरक्षित, पण रिअल या शब्दात त्यातलं काहीही नाही. ती सगळी जुनी फंक्शन्स पीएचपी ७ मध्ये काढून टाकली. याच्या उलट रिअ‍ॅक्टमध्ये (वेब पानं बनवायच्या एका टूलमध्ये) कच्चं एचटीएमएल, म्हणजे वेब पानाचा कोड, पानात टाकायचं असेल तर त्या गोष्टीचं नाव आहे डेंजरसली सेट इनर एचटीएमएल. मुद्दाम लांब आणि मुद्दाम टोचणारं, कारण बाहेरून आलेला मजकूर तसाच टाकला तर हल्लेखोराची स्क्रिप्ट तुमच्या पानावर चालू शकते. कोड रिव्ह्यू करणाऱ्याच्या नजरेतून ते सुटणं अवघड. जे काम धोक्याचं आहे त्याचं नाव असं अडखळायला लावणारंच हवं.

सेटिंग्जमधल्या उलट्या नावांबद्दल एवढंच, की ऑटो अपडेट बंद करा असं लिहून त्याच्यापुढे चालू-बंदचं बटण ठेवू नका. बंद करणं बंद आहे म्हणजे चालू आहे का, हा हिशोब कोणी का करावा.

नावाखाली एक ओळ समजावणारी लिहिली की भागतं असं खूप जणांना वाटतं. क्रोमच्या इनकॉग्निटोकडे बघून मला तसं वाटत नाही. इनकॉग्निटो म्हणजे ओळख लपवलेला, आणि प्रत्यक्षात तो मोड मुख्यतः तुमच्या त्या कॉम्प्युटरवर हिस्टरी आणि कुकीज मागे ठेवत नाही, तुम्ही ज्या साइटवर जाता ती साइट, तुमचं ऑफिस, इंटरनेट पुरवणारी कंपनी यांना तुम्ही दिसूच शकता. हे नवीन टॅबवर लिहिलेलं असायचंच. २०१८ मध्ये अमेरिका आणि जर्मनीतल्या संशोधकांनी ४६० लोकांना वेगवेगळ्या ब्राउझरच्या प्रायव्हेट मोडची अशी स्पष्टीकरणं वाचायला देऊन प्रश्न विचारले, तर निम्म्याहून जास्त लोकांना वाटत होतं की गुगल अकाउंटमध्ये लॉगिन असलं तरी या मोडमधली सर्च हिस्टरी साठवली जात नाही. वाचूनसुद्धा! २०२० मध्ये गुगलवर याबद्दल अमेरिकेत खटला झाला, २०२४ मध्ये तडजोड झाली, आणि त्याच सुमाराला क्रोमने ते वाक्य बदलून स्पष्ट लिहिलं की साइट्स आणि गुगलसकट त्यांच्या सेवा जी माहिती गोळा करतात त्यात याने फरक पडत नाही. नाव मात्र इनकॉग्निटोच राहिलं.

नाव बदलणं महाग पडतं हे खरंच आहे. ट्विटरने नोव्हेंबर २०१५ मध्ये फेव्हरिटचा तारा काढून लाइकचं हृदय आणलं, नवीन लोकांना ते सोपं गेलं असेल, पण तोवर कितीतरी लोक तो तारा नंतर वाचायला खूण म्हणून वापरत होते, किंवा नुसतं "वाचलं" सांगायला, आणि वाईट बातमीवर हृदय कोण देणार? खूण ठेवायला वेगळं बुकमार्क आलं ते २०१८ मध्ये. वेबमध्ये तर त्याहून जुनी गोष्ट आहे, तुम्ही कुठल्या पानावरून आलात ते साइटला सांगणारी जी माहितीची ओळ ब्राउझर पाठवतो त्या रेफरर हेडरच्या नावात इंग्रजी स्पेलिंगमधला एक आर राहून गेला, १९९६ च्या एचटीटीपीच्या (ब्राउझर आणि साइटमधल्या देवाणघेवाणीच्या नियमांच्या) दस्तऐवजात तसाच छापला गेला, आणि तोवर तो सगळीकडे पसरला होता म्हणून आजही तसाच चालतो. पुढे त्याच्याशी संबंधित पॉलिसीचा हेडर आला तो बरोबर स्पेलिंगने, त्यामुळे आता दोन्ही स्पेलिंग लक्षात ठेवावी लागतात.

म्हणून बदलायचंच असेल तर गिटने केलं तसं करावं. स्विच आणि रिस्टोर आले तरी चेकआउट काढलं नाही, जुन्या स्क्रिप्ट, जुने व्हिडिओ, जुनी उत्तरं सगळी चालतात. तुमच्या टूलमध्येही जुनं नाव सर्चमध्ये टाकलं की नवीन जागा सापडली पाहिजे, आणि निदान काही महिने नव्या नावाशेजारी जुनं बारीक अक्षरात असू द्या. आणि तुमच्या टीममध्ये कोणी नवीन येत असेल तर त्यांना पहिल्या दिवशी स्विच आणि रिस्टोरच शिकवा, चेकआउट त्यांना जुन्या उत्तरांमध्ये भेटेलच.